दोनशे बारा लोलक

आमच्या देवळातल्या मोठ्या झुंबराला लोलक किती, हे अख्ख्या गावात एकट्या भाऊकाकांना ठाऊक होतं. २१२. दर वर्षी कार्तिकातल्या उत्सवाआधी झुंबर खाली यायचं, लोलक सुटे व्हायचे, धुऊन-पुसून पुन्हा चढायचे, आणि चढवताना काका मोजायचे. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलायचे. मध्येच कोणी हाक मारली तर ओ न देता डावा हात वर करायचे. त्या हाताचा अर्थ आम्हा पोरांना पाठ होता.

मी चौथीत होते त्या वर्षी ते २११ भरले.

काकांनी पुन्हा मोजले. मग रोवळी उपडी केली, जाजम झटकलं, धुण्याचं पाणी जिथे ओतलं होतं तिथली माती बोटांनी चाळली. संध्याकाळी आम्हाला सगळ्यांना पायरीवर बसवून म्हणाले, "कोणाला सापडला तर इथे देवाच्या उंबऱ्यावर ठेवा रे. कोण ठेवतंय ते मी बघायला येणार नाही." कोणी ठेवला नाही. झुंबर चढवताना त्यांनी रिकामा आकडा पाठीमागे, भिंतीच्या बाजूला येईल असा फिरवून घेतला. समोरून बघणाऱ्याला काही कळलं नाही.

लोलक माझ्या कंपासपेटीत होता.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून आत. देऊळ कौलारू, सभामंडपाला सागवानी खांब, वर तुळया, तुळयांना लोखंडी कड्या. मधोमध झुंबर, चोवीस शाखांचं, आणि त्याच्या चारी बाजूंना हंड्या: पांढऱ्या, हिरव्या, दोन निळ्या आणि एक डाळिंबी. डाळिंबी हंडी फक्त काका उतरवायचे. ती फुटली तर तसला रंग पुन्हा मिळायचा नाही, असं ते म्हणत. वर्षभर या सगळ्यांवर जुनी धोतरं गुंडाळून बांधलेली असायची, त्यामुळे देवळात शिरलं की छताला गाठोडी टांगल्यासारखी दिसायची. शहरातून पहिल्यांदा आलेल्या एका आत्तेभावाने विचारलं होतं, "वर एवढे मधमाश्यांचे पोळे कसे?" वर्षातले पाच दिवस ती गाठोडी सुटायची.

हंडी म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. फुंकलेल्या काचेचं भांडं, पोटाशी फुगीर, तोंडाशी रुंद. काठाला पितळी कडं, कड्याला तीन साखळ्या. वर साखळ्या एकत्र येतात तिथे काचेचीच एक उपडी बशी असते. धूर तिच्यावर अडतो आणि लाकडी छत काळं होत नाही. हंडीच्या आत काचेचा पेला. पेल्यात निम्म्याहून जास्त पाणी, पाण्यावर दोन बोटं तेल, तेलावर तरंगणारी वात. आमच्याकडे रोजच्या दिव्याला उंडीचं कडू तेल असायचं, ते धुरकट. उत्सवात हंड्यांना खोबरेल.

पाणी कशाला, हा प्रश्न मी काकांना विचारला होता. त्यांनी तीन बोटं पुढे केली. एक, तेल वाचतं. दोन, तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि आपोआप विझते, काच तडकत नाही. तिसरं बोट धरून ते जरा थांबले आणि म्हणाले, "आणि दिव्याखाली अंधार राहत नाही."

ही गोष्ट मला तेव्हा नुसती गमतीची वाटली. आपली म्हण खरी आहे ती पणतीच्या, समईच्या बाबतीत. पितळ्याच्या किंवा मातीच्या भांड्यात ज्योत लावली की भांड्याचीच सावली खाली पडते. समई त्यावर उपाय करत नाही; ती जमिनीवर उभी असते, तिला खाली काही उजळायचंच नसतं. पण दिवा डोक्यावर टांगायचा म्हटलं की म्हण आडवी येते. ज्यांच्यासाठी दिवा लावला ती माणसं नेमकी त्याच्याखाली बसलेली. हंडीने ते कोडं सोडवलं: भांडं काचेचं, पेला काचेचा, आणि ज्योतीखाली पाणी. उजेड खाली उतरायला वाट मोकळी. कीर्तनकाराच्या पोथीवर पडायचा तो उजेड पाण्यातून गाळून आलेला असायचा, किंचित हलता.

हंड्या-झुंबरांना आपण 'शोभेची' म्हणतो. शोभा होतीच. पण आधी ती कामाची वस्तू होती. साधा हिशोब केला तर कळतं. एक मेणबत्ती सुमारे १२ ल्युमेन उजेड देते. आमच्या चोवीस शाखांच्या झुंबरात सगळ्या मेणबत्त्या लावल्या (आणि त्या पाच दिवसांतल्या दोनच रात्री लागायच्या, मेणबत्त्या महाग) तरी जेमतेम ३०० ल्युमेन. आज स्वयंपाकघरात नऊ वॉटचा एलईडी दिवा लावतो तो ८०० च्या वर जातो. म्हणजे ज्या झुंबराखाली अख्खं गाव डोळे विस्फारून बसायचं, ते माझ्या ओट्यावरच्या दिव्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा उजेडात सभामंडप भरायचा असेल तर तो वाया घालवून चालत नाही. म्हणून प्रत्येक ज्योतीभोवती काचेचे तुकडे टांगायचे. ते नवा उजेड तयार करत नाहीत, असलेला वाकवतात, तोडतात, कोपऱ्याकोपऱ्यात फेकतात. वारा आला की ज्योत हलते, ज्योत हलली की दोनशे बारा ठिकाणी लखलख होते. गरिबाच्या घरात एक रुपया मोडून सुट्टे पैसे खुळखुळवावेत, तसं.

लामणदिवाही याच जातीचा. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांपुढे मी नेहमी जास्त वेळ काढते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घरोघरच्या वस्तू गोळा केल्या, अडकित्ते, कुलपं, खेळणी, दिवे, आणि संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं. लामणदिव्याच्या साखळीत हत्ती असतो, मोर असतो, पोपट असतो. लग्नात करवलीच्या हाती तो बघितला की आपण नक्षीकडेच बघतो. पण असे काही टांगते दिवे होते ज्यांतला पक्षी पोकळ असायचा आणि त्याच्या पोटात तेल भरलेलं असायचं. खालच्या थाळीतलं तेल कमी झालं की भोक उघडं पडून पक्ष्याच्या पोटात हवा शिरणार, तेवढं तेल खाली उतरणार. पातळी वर आली की भोक पुन्हा बुडणार, तेल थांबणार. कोंबड्यांच्या पाण्याची बाटली याच तत्त्वावर चालते. रात्रभर कोणी उठून तेल घालायला नको. नक्षीतला पक्षी म्हणजेच तेलाची टाकी. शोभा कुठे संपली आणि काम कुठे सुरू झालं, बोट ठेवून दाखवता येत नाही.

लोलकाचंही तसंच. शब्द बघा किती कामाचा आहे. कानात लोंबतो तो लोलक, झुंबराला लोंबतो तो लोलक, आणि आठवी-नववीच्या विज्ञानात पांढऱ्या प्रकाशाचे सात रंग करतो तो त्रिकोणी काचेचा ठोकळाही लोलक. आमच्या शाळेत असा एकच होता, बाईंच्या कुलपाच्या कपाटात. तो बाहेर काढला त्या दिवशी बाई म्हणाल्या, "सांभाळून, असा तुमच्यापैकी कोणी बघितला नसेल." माझी कंपासपेटी दप्तरात होती. आणि त्यात जो होता तो या शाळेच्या लोलकापेक्षा सरस रंग पाडायचा. आयुष्यात पहिल्यांदाच मला वर्गात उत्तर येत असून हात वर करता आला नाही.

सरस का, ते नंतर कळलं. साध्या काचेत रंग फुटतात पण फिकट. लंडनमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या माणसाने १६७४ साली स्फटिकासारख्या नव्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यात शिशाचं ऑक्साइड घातलं. शिशाने काच जड होते, पैलू पाडायला मऊ होते, आणि मुख्य म्हणजे उजेड जास्त वाकवते आणि वाकवताना रंग एकमेकांपासून जास्त लांब फेकते. झुंबरांचा इतिहास तिथून बदलला. आधी शाखा महत्त्वाच्या होत्या, नंतर लोलक. हातात घेतल्यावरही फरक कळतो. शिशाच्या काचेचा लोलक त्याच्या आकाराला न शोभेल इतका जड लागतो, आणि दोन लोलक एकमेकांवर आपटले की टक् आवाज होत नाही, टिण्ण होतं आणि ते रेंगाळतं. चोरी करताना मला तो आवाज होऊ न देण्याची फार काळजी घ्यावी लागली होती.

आमचं झुंबर 'बेल्जियमचं' आहे असं गावात सगळे सांगत. मुंबईत बरकत आलेल्या कोणा गावकऱ्याने ते देवाला दिलं, आगबोटीने आणलं, पेट्यांत भाताचा तूस भरून. तूस होता हे खरं असावं, कारण काकांच्या लहानपणापर्यंत त्या पेट्या देवळाच्या माळ्यावर होत्या. बेल्जियमचं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. आपल्याकडे जुनी काच दिसली की ती बेल्जियमची, जसं जुनं कुलूप दिसलं की ते पेशव्यांच्या वेळचं. गोव्यात मंगेशीला, कवळ्याच्या शांतादुर्गेला झुंबरं बघितलीत तर तिथेही शेजारचा माणूस हेच सांगतो. बेल्जियमची काच येत होतीच. पण बोहेमियाची येत होती, आणि इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचीही ढिगाने येत होती. तिथल्या ऑस्लर कंपनीने तर १८४० च्या दशकात कलकत्त्यात दुकान उघडलं, कारण सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं इथले राजेरजवाडे. हीच ती कंपनी जिने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात २७ फूट उंचीचं, चार टन काचेचं कारंजं उभं केलं होतं. ते बघून आपल्या संस्थानिकांना काय वाटलं असेल याची कल्पना करायला फार श्रम पडत नाहीत.

ग्वाल्हेरला जयविलास महालात जाऊन आलेल्यांना पुढचं ठाऊक असेल. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली तो बांधून घेतला. ब्रिटिश युवराजाचा हिंदुस्थानचा दौरा तोंडावर होता. दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं, एकेकाचं वजन साडेतीन टन. छत तो भार पेलेल की नाही हे बघायला उतरण बांधून छतावर हत्ती चढवले, ही गोष्ट तिथे प्रत्येकाला सांगतात. हत्ती कोणी आठ सांगतं, कोणी दहा. मराठी माणूस ग्वाल्हेरला गेला की जरा आपल्या काकांच्या घरी आल्यासारखा वावरतो, मीही वावरले. मान दुखेपर्यंत वर बघितलं. आणि मग माझ्या मनात जो प्रश्न आला तो हत्तींचा नव्हता. हे पुसतं कोण?

कारण मी पुसलंय. नवमीच्या सकाळी झुंबर उतरायचं. कप्पीवरचा दोर चौघे धरायचे, काका खाली हात पसरून उभे, जणू वरून मूल यायचंय. जमिनीपासून वीतभर अंतरावर ते थांबवायचं, टेकवायचं नाही. मग आम्ही मुली बसायचो, कारण आमची बोटं बारीक. प्रत्येक लोलक पितळी तारेच्या आकड्याने अडकवलेला. आकडा फार उघडला तर तुटतो, कमी उघडला तर निघत नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात लोलक घालायचे, साध्या पाण्यातून काढायचे, रोवळीत निथळवायचे, मलमलीने टिपायचे, शेवटी वर्तमानपत्राच्या कागदाने चोळायचे. पितळ्याला चिंच आणि राख. हात लावलेला लोलक पुन्हा बोटांनी धरायचा नाही, नाहीतर ठसे उमटतात. पंधरा-वीस झाले की पाठ धरायची. दुपारी कौलातल्या काचेतून उन्हाची तिरीप बरोबर जाजमावर यायची आणि रोवळीतल्या लोलकांतून भिंतीवर, खांबांवर, काकांच्या टकलावर रंगीत ठिपके पडायचे. तांबडा, हिरवा, जांभळा. त्यातला एक ठिपका माझ्या हातावर पडला होता, मूठ मिटली तर मुठीवर आला. तेव्हा मी तो लोलक घेतला.

आपण जुन्या झुंबरांबद्दल हळहळतो तेव्हा हे बोटांचं काम हिशोबात धरत नाही. वर्षातून एकदा उतरवायचं, सुटं करायचं, मोजायचं, चढवायचं, तर ते झुंबर. नाहीतर कोळ्यांचं घर. कोणत्याही मोठ्या मंगल कार्यालयात मान वर करून बघा. खाली अक्षता पडतायत आणि वर जाळी. ते झुंबर बसवताना ते पुन्हा खाली येईल असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं; दोर नाही, कप्पी नाही, छताला कायमचं जखडलेलं. मोठमोठ्या हॉटेलांत आता मोटरवर झुंबर खाली येण्याची सोय असते म्हणे. चांगलं आहे. कप्पीला पोटापाण्याला लागलेली पाहून काकांना बरं वाटलं असतं.

वीज आली तेव्हा झुंबराचं काम सुटलं, खरी गोष्ट ही आहे. तशी ती एका दिवसात आली नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले, मुंबईतले पहिले. पण कंत्राट घेतलेली कंपनी बुडाली आणि बाजार पुन्हा गॅसवर गेला. हा किस्सा मला फार आवडतो. विजेकडून गॅसकडे परतलेले भाजीवाले काय म्हणाले असतील? 'तरी मी सांगत होतो' असं म्हणणारा एक तरी असणारच. खेड्यांत गॅस म्हणजे बत्ती, पंप मारायची, मेंटल (ज्योतीवर तापून उजेड देणारी जाळी) लावायची. "मेंटल गेलं" हे वाक्य कीर्तनाच्या ऐन रंगात कोणी तरी म्हणायचंच, आणि नवीन मेंटल येईपर्यंत हंड्या पुन्हा कामावर हजर व्हायच्या. आमच्या गावात वीज आल्यावरही बरीच वर्षं झुंबरात मेणबत्त्याच राहिल्या, कारण काका होते.

मग एका उत्सवाला गेले तर झुंबरात बल्ब. कमिटीने वायरमन आणून शाखाशाखांतून वायर ओढली होती. त्या भोसकाभोसकीत नऊ लोलक फुटले. नवे आणले ते प्लॅस्टिकचे. अॅक्रिलिक म्हणायचं, पण गावात प्लॅस्टिकच म्हणतात. पाठीमागे एक आकडा रिकामा दिसला म्हणून त्यालाही एक लावून टाकला. दहा. काकांनी विरोध केला नाही, फक्त त्या वर्षी मोजायला बसले नाहीत. रात्री बटण दाबलं आणि झुंबर एकदम पेटलं, सगळं एकाच वेळी. पूर्वी काठीला बांधलेल्या काकड्याने एकेक शाखा पेटायची आणि लोक गप्प होत जायचे. आता बटण दाबल्यावर टाळ्या पडल्या. उजेड भरपूर. पण लोलक चमकेनात. बल्ब दुधी काचेचे होते, आणि दुधी उजेडाला टोक नसतं. लोलकाला बारीक, धारदार, थरथरती ज्योत लागते. तिचे तो तुकडे करतो. सगळीकडून सारखा येणारा उजेड तोडायचा कुठून? लोलक नुसते पांढरे पडून लोंबत राहिले, गारांसारखे.

दोष विजेचा नाही. पारदर्शक काचेचे, बारीक तारेचे बल्ब लावले असते तर निम्मी तरी गंमत परत आली असती. पण तेवढा विचार कोण करणार, उजेड तर पडला ना.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात फ्लॅटचं काम काढलं. अंतर्सजावटवाली मुलगी हुशार, बोलायला गोड. तिने छताखाली खोटं छत आखलं, त्याच्या कडेने लपवलेल्या दिव्यांच्या पट्ट्या, मध्ये चौकोनी पॅनेल. दिवा कुठेच दिसणार नाही, नुसता उजेड दिसेल, असं तिने अभिमानाने सांगितलं. मग म्हणाली, "काकू, जेवणाच्या टेबलावर मात्र एक झुंबर देऊ या. स्टेटमेंट पीस." मी तिला विचारलं, त्याचा उजेड किती पडेल? ती हसली. "उजेडासाठी नाही हो ते. उजेड पॅनेलचा आहेच." म्हणजे आता काम करणारा दिवा लपून बसणार आणि दिसणारा दिवा काही काम करणार नाही. तिचं काही चुकत नव्हतं. घराची उंची साडेनऊ फूट, त्यात खोट्या छताने अर्धा फूट खाल्ला. अशा घरात झुंबर म्हणजे उंच पाहुण्याच्या कपाळाला टेंगूळ.

तरी आम्ही तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्याचा उजेडाचा बाजार; अंधाऱ्या दुकानात शंभर दिवे एकाच वेळी चालू, आणि खाली उभा राहिलेला माणूस घामाघूम. झुंबरं होती. सोनेरी मुलाम्याची, रिमोटवर रंग बदलणारी, एक तर गाणी वाजवणारं. फिरोजाबादच्या काचेची काही खरोखर बरी होती. बांगड्यांचं ते गाव झुंबरंही करतं हे मला तिथे कळलं. मी एक लोलक बोटांनी तोलला, दुसऱ्यावर हलकेच वाजवला. दुकानदार म्हातारा होता. म्हणाला, "ताई, तुम्ही ऐकून घेताय. हल्ली सगळे फोटो काढून घेतात." पण घेतलं नाही आम्ही. नवरा म्हणाला, आणि खरंच म्हणाला, "पुसणार कोण?"

त्याच हिवाळ्यात आमच्या रस्त्यावरून एक वरात गेली. नवरदेवाची घोडी, पुढे बँड, आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर झुंबरं घेतलेल्या बायका. पूर्वी बत्त्या असायच्या, आता पाच-सहा दिव्यांचं लोखंडी झाड, त्याला प्लॅस्टिकचे लोलक, आणि सगळी झाडं एकाच वायरने एकमेकींना जोडलेली. मागे हातगाडीवर जनरेटर. एकीने पाऊल पुढे टाकलं की वायर ताणून दुसरीला टाकावंच लागतं. उजेड इतका की नाचणाऱ्यांच्या घामाचे थेंब मोजावेत. त्या बायकांचे चेहरे मात्र मला नीट दिसेनात. दिवे डोक्यावर, पाटीला बूड लोखंडाचं. काकांचं तिसरं बोट मला गच्चीत उभ्या-उभ्या आठवलं.

गेल्या कार्तिकात मी गावी गेले तेव्हा तो लोलक पर्समध्ये होता. अठ्ठेचाळीस वर्षं त्याने माझ्याबरोबर घरं बदलली. कंपासपेटीतून ट्रंकेत, ट्रंकेतून शिवणाच्या डब्यात. मुलींनी लहानपणी त्याच्यातून बघून घेतलं, त्यांना मी खरं सांगितलं नव्हतं. 'आजोळचा' म्हटलं होतं, ते काही खोटं नव्हे.

काका आता अठ्ठ्याऐंशीचे. ओटीवर खुर्ची टाकून बसतात, डोळ्यांना कमी दिसतं. झुंबर उतरवायला गावात चार माणसं जमवणं हाच आता मोठा कार्यक्रम असतो; दोघे आले ते मुंबईहून, सुट्टी काढून. वहिनी, तिची नात आणि मी जाजमावर बसलो. रिठे नव्हते, भांड्यांचं लिक्विड वापरलं. रोवळी तीच. प्लॅस्टिकचे लोलक ओळखायला बघावं लागत नाही, हातालाच लागतात, हलके आणि कोमट. पाठीमागच्या आकड्यावरचा मी काढला आणि पिशवीत टाकला. त्या जागी पर्समधला लावला. पितळी आकडा जुनाच होता, बोटांना उघडण्याची सवय अजून होती. वहिनी चहा आणायला उठली होती. नात बघत होती.

"हा वेगळा आहे," ती म्हणाली.

"जुना आहे."

तिने तो डोळ्याशी धरायला मागितला. मी म्हटलं, आता लावलाय, उद्या ऊन आलं की भिंतीवर बघ.

चढवून झाल्यावर हात पुसत मी ओटीवर आले. काकांनी पावलांवरून ओळखलं.

"किती भरले?"

"दोनशे बारा."

ते थोडा वेळ सुपारी चघळत राहिले.

"त्यात प्लॅस्टिकचे?"

"नऊ."

"गेल्या वर्षी दहा होते," काका म्हणाले, आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अगं, हिला चहा दिलात का कोणी?"